तिकिटं जास्त, पॅसेंजर कमी

मा. संपादक साहेब, नमस्कार.

गेल्या आठवड्यात तुमच्या पेपरात आतल्या पानावर बातमी होती की आयुर्वेद कॉलेजच्या दवाखान्याला नवे प्रशासकीय अधिकारी आले आणि वैद्यकीय अधीक्षक म्हणून पण नव्या मॅडम बसल्या. फोटो होता, शाल, नारळ, बुके, पाठीमागं संस्थेची मंडळी एकमेकांच्या खांद्यावरून डोकावून बघताना, आणि खाली लिहिलं होतं की आता रुग्णालयाचा चेहरामोहरा बदलणार. कॉलेजचं नाव मी लिहीत नाही, तुम्हीही छापू नका, कारण मला अजून तिथंच इलाज घ्यायचाय आणि तिथली पोरंपोरी लई चांगली आहेत. पण ह्या चेहऱ्यामोहऱ्यावरून थोडं बोलायचंय. लांबलं तर शेवटून कापा, मधलं कापू नका.

मी एसटीतून रिटायर झालेला कंडक्टर. ३१ वर्षं सर्विस, त्यातली निम्म्याच्या वर खेड्यापाड्याच्या फेऱ्या, म्हणजे रस्ता कमी अन् खड्डे जास्त, उभं राहून तिकिटं फाडायची, एक हात वरच्या दांडीला आणि एक ट्रेला. कंबरेचं जे व्हायचं ते झालं. एमआरआय काढला तर मणक्यातली गादी सरकलीय म्हणाले, मोठ्या दवाखान्यात ऑपरेशन सांगितलं, खर्चाचा आकडा ऐकून आमच्या मंडळी म्हणाल्या आधी आयुर्वेदिक बघू, तिथं शिकणारी पोरं असतात, हात हलका असतो. तसं दोन वर्षांपूर्वी जायला लागलो.

कटीबस्ती म्हणजे काय हे ज्यानं घेतली त्यालाच माहीत. पालथं झोपवतात, कंबरेवर उडदाच्या पिठाची घट्ट कणीक मळून गोल पाळं करतात, आमच्याकडं विहिरीला कठडा बांधतात तसं, आणि त्यात कोमट तेल सोडतात. तेल थंड झालं की कापसाच्या बोळ्यानं टिपून वाटीत पिळायचं, परत गरम करायचं, परत सोडायचं. अर्धा पाऊण तास असंच चालतं. एक पोरगी, असेल बावीस तेवीसची, इंटर्नशिपवाली, दर वेळेला तेल सोडायच्या आधी स्वतःच्या मनगटावर थेंब टाकून बघायची, लेकराचं दूध बघतेत तसं, आणि विचारायची काका गरम लागतंय का. एकदा पाळ्याला बारीक भेग पडली आणि तेल बाजूनं गळून चादरीवर गेलं, तर ती इतकी घाबरली जसं काय माझं हाडच मोडलं. मी म्हणालो, बाई, आमच्या गाडीतून ३१ वर्षं डिझेल गळत होतं, तू तेलाचं काय घेऊन बसलीस. मग हसली. सात दिवसांचा कोर्स झाला आणि आठव्या दिवशी मी वाकून चप्पल स्वतः घातली. ऑपरेशनचं पुढं काय व्हायचं ते होईल, पण चप्पल घातली हे खरं आहे.

आता खरी गंमत पुढं. दोन महिन्यांनी परत गेलो तर ती पोरगी तिथं नाही, ड्युटी दुसऱ्या डिपार्टमेंटला लागलेली. ते ठीकच, शिकायचं म्हणल्यावर फिरावं लागणारच, आमच्या पण ड्युट्या बदलायच्या. पण माझा केसपेपर पण नाही! खिडकीवर म्हणाले नवा काढा. नवा काढला. नवा पोरगा बसला समोर आणि पहिल्यापासून सुरू, भूक कशी आहे, पोट साफ होतं का, झोप लागते का, जीभ दाखवा, नाडी बघू. हे सगळं मला आता पाठ झालंय, नाडी, मूत्र, मल, जीभ, शब्द, स्पर्श, दृक्, आकृती, अष्टविध परीक्षा म्हणतात त्याला. मला वाटतं प्रॅक्टिकलला मी बसलो तर पास होईन. आणि शेवटी प्रकृतीचा रकाना. पहिल्या केसपेपरवर होतं वात-पित्त. दुसऱ्यावर वात-कफ. तिसऱ्यावर पित्त-कफ, म्हणजे वात गेलाच बिचारा. माझी पुतणी बीएएमएस झालीय, तिला फोन करून विचारलं की बाई माझी प्रकृती अशी महिन्या महिन्याला का बदलते, तर ती म्हणाली काका प्रकृती आईच्या पोटातच ठरते, ती मरेपर्यंत बदलत नसते, तुमचा केसपेपर बदलतोय. तीन केसपेपर घरी आहेत ते माझ्याजवळचे, दवाखान्यातली प्रत कुठं जाते ते त्या देवाला माहीत. मधी आभा कार्ड, ते सरकारचं आरोग्याचं कार्ड, ते पण काढून घेतलं, १४ आकडी नंबर मिळाला, मला वाटलं आता सुटलो, आता एक बटन दाबलं की सगळं निघतंय. नंबर माझ्या मोबाईलमध्ये आहे. केसपेपर तरीबी नवाच.

आता दुसरी गोष्ट सांगतो, ती सांगावी का न सांगावी म्हणून चार दिवस पत्र अडवून ठेवलं होतं. मागं एकदा तिथून फोन आला, काका उद्या सकाळी नक्की या, मोफत तपासणी आहे. गेलो. गेटवर तीन काळीपिवळ्या उभ्या, आत अंगणात मांडव, खिचडीचं पातेलं. म्हणलं शिबिर असेल. ओपीडीच्या लाईनीत बघतो तर निम्मी माणसं माझ्या ओळखीची, कारण माझ्याच रूटवरच्या गावांची. ३१ वर्षं ज्यांची तिकिटं फाडली ती तोंडं विसरत नाहीत. वार्डात डोकावलो तर एक म्हातारी कॉटवर चादर ओढून पडलेली. म्हणलं मावशी, काय करू लालाव इथं, काय झालं? ती म्हणाली काय झालं म्हंजे, कंडाक्टर भाऊ, काहीच नाही, झोपायचंय इळभर. २०० रुपये देतेत अन् जेवण. सोयाबीन खुरपण्यापेक्षा बरंय की. आणि उशाला केसपेपर होता त्यावर तिच्या सुनेचं नाव, कारण मावशीचं वय ज्या रोगात बसत नव्हतं तो रोग लिहिलेला होता.

त्या दिवशी इन्स्पेक्शन होतं, हे मला दुपारी कळलं.

मी मोजलं. काय करू, सवय आहे, कुठंबी चार माणसं बसली की मी मोजतो, लग्नात पंगत मोजतो. ओपीडी, वार्ड, मांडव धरून डोकी भरली ७६, त्यात मी पण आलो आणि खिचडीवाला पण आला. आणि माझ्या केसपेपरवरचा त्या दिवशीचा नंबर होता १९०च्या पुढं, तो पण दुपारी बाराच्या आत. साहेब, एसटीत लाईन चेकिंगवाले जीप आडवी लावून गाडीत चढतेत, पहिलं डोकी मोजतेत, मग वेबिल, म्हणजे तिकिटांच्या हिशोबाचा कागद, मागतेत, आणि डोकी जास्त तिकिटं कमी निघाली की कंडक्टरचा रिपोर्ट. एका पॅसेंजरपायी माझा एक मित्र सस्पेंड झालेला आहे. आणि इथं उलटं, तिकिटं जास्त अन् पॅसेंजर कमी, अन् त्याचा रिपोर्ट कुणाचाच होत नाही. रिकाम्या गाडीला हाऊसफुल दाखवायची कला आमच्या खात्यात कुणाला जमली नाही, नाहीतर एसटी कधी तोट्यात गेलीच नसती.

पुतणीला विचारलं की हे कशापायी करतेत. तिनं समजावून सांगितलं. ६० सीटचं कॉलेज असलं तर ६० खाटांचा दवाखाना पाहिजे, ओपीडी दिवसाला सरासरी १२० पाहिजे आणि खाटा ४० टक्के भरलेल्या पाहिजेत, म्हणजे २४ माणसं झोपलेली पाहिजेत, असं सीसीआयएमच्या, म्हणजे आयुर्वेद कॉलेजांवर लक्ष ठेवणाऱ्या दिल्लीच्या कौन्सिलच्या, २०१६ च्या नियमात होतं. मग ती सीसीआयएम गेली, २०२१ ला तिच्या जागी दिल्लीचं नवं कमिशन आलं, एनसीआयएसएम, त्यांनी २०२४ ला परत नवे नियम काढले आणि त्यात कॉलेजांना रेटिंग द्यायचं पण आलं. आकडा कमी पडला की सीटा जातात. सीटा गेल्या की फीचं काय? म्हणून मग काळीपिवळ्या. सगळीकडं असंच असतं असं मी म्हणणार नाही, नांदेड आणि धाराशिवला सरकारी कॉलेजं आहेत, बाकी बहुतेक संस्थांची, कुठं खरी गर्दी असते कुठं नसते, मी सगळीकडं जाऊन मोजलेलं नाही. मी जिथं मोजलं तिथलं सांगतोय.

पण तो १२० चा आकडा कुठून आला बघा. ६० पोरं अन् १२० पेशंट, म्हणजे एका पोरामागं दोन माणसं. कुणीतरी बसून विचार केलेला आहे की पोरगं रोज दोन खरी माणसं बघेल तेव्हा वैद्य होईल. साडेचार वर्षं शिकायचं अन् वर्षभर इंटर्नशिप, आणि त्यात जर सुनेच्या नावावर सासू झोपलेली असली तर ते पोरगं नाडी कुणाची बघणार आणि लिहिणार काय? पुतणी म्हणाली, काका आम्ही वमन, म्हणजे औषध देऊन उलटी करवायची, ते पुस्तकात चार वेळा शिकलो आणि डोळ्यानं दोनदा बघितलं. तिचं कॉलेज वेगळं होतं, तिकडं पण तेच. आता ती गावाकडं दवाखाना टाकून बसलीय आणि पंचकर्माचा बोर्ड लावायला घाबरते. त्यात तिची काय चूक? ज्या पोरीनं माझ्यासाठी मनगटावर तेल बघितलं ती तेवढी शिकली, कारण समोर खरी कंबर होती.

म्हणून नव्या साहेबांची बातमी मी चष्मा पुसून वाचली. आधी काय होतं, कॉलेजच्या प्राचार्यांकडंच दवाखान्याचा पण चार्ज, म्हणजे सकाळी युनिव्हर्सिटीचे कागद, दुपारी परीक्षा, संध्याकाळी संस्थेची मिटिंग, दवाखान्यात पाय टाकायचा तो इन्स्पेक्शनला नाहीतर झेंडावंदनाला. आता दवाखान्याला वेगळा माणूस दिला हे चांगलंच झालं. डेपोत पण गाड्या दुरुस्त करणारा वेगळा आणि सोडणारा वेगळा असतो, एकच माणूस दोन्ही करायला लागला की गाडी ना दुरुस्त होते ना सुटते.

पण गावात कुजबुज चालू झालीय. म्हणे साहेब वैद्य नाहीत, मॅनेजमेंटचे आहेत, त्यांना वात पित्त कफ काय कळणार. ह्यावर मला माझ्या वडलांची आठवण येते. वडलांना दमा होता, मी लहान असताना ते उरुळीकांचनला गेले होते, लातूरहून बार्शी लाईटच्या छोट्या गाडीनं कुर्डुवाडी आणि तिथून मोठ्या गाडीनं. गांधीजींनी १९४६ ला काढलेला निसर्गोपचार आश्रम तो. वडील येऊन सांगायचे की तिथं मातीपट्टी ठेवतेत, उपास करायला लावतेत, पण सगळं टाइमावर, आणि सगळं बघणारे मणिभाई देसाई म्हणून आहेत ते डॉक्टर नाहीत बरं का. ते खरंच डॉक्टर नव्हते, सायन्स शिकलेला गुजरातचा माणूस, गांधीजींनी आश्रम त्यांच्या हाती सोपवला आणि ते १९९३ ला जाईपर्यंत तिथंच राहिले, त्यातूनच पुढं १९६७ ला शेती अन् गायीगुरांचं काम करणारी बाएफ संस्था काढली, १९८२ ला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. तेव्हा नवे साहेब वैद्य नाहीत म्हणून नाक मुरडायचं कारण नाही. नाडी बघायला मॅडम आहेत. साहेबांनी डोकी मोजावी, खरी.

आणि खरी डोकी यायला तयार आहेत हो, तेच तर दुःख आहे. मार्च २०२३ ला बायकांना एसटीत हाफ तिकीट झालं, त्याच्या आधी २०२२ ला ७५ च्या वरच्यांना फुकट झालं, तेव्हापासून खेड्यातल्या म्हाताऱ्या अन् सासुरवाशिणी दवाखान्याच्या वाटेला लागल्यात, गुडघे, कंबर, अंगावरून जाणं, पित्त, काय काय घेऊन. पण आमच्या बाजूची पहिली गाडी पोचते पावणेअकराला. स्टँडवरून चालत दवाखाना वीस मिनिटं, कंबरवाल्याला अर्धा तास. केसपेपरची खिडकी बंद बाराला. मग तपासणीची लाईन, मग एकला जेवणाची सुट्टी, मग औषधाची खिडकी दोनला म्हणतेत पण उघडते अडीचला, आणि परतीची गाडी तीनला. ती चुकली तर पुढची सहाला, ती मुक्कामी. बाई म्हणती जाऊद्या औषध, पुढच्या टायमाला घेऊ. पुढचा टाइम येत नसतो. हे टाइमटेबल ज्यानं केलं त्यानं एसटीचं टाइमटेबल बघितलेलंच नाही. कंट्रोलरच्या केबिनबाहेर बोर्ड लावलेला आहे, साहेबांनी एकदा जाऊन फोटो काढून आणावा, चहा मी पाजतो.

बाजाराच्या दिवशी तर विचारू नका. त्या दिवशी तिप्पट माणूस येतो आणि नेमका त्याच दिवशी अर्धा स्टाफ लवकर जातो, त्यांना पण बाजार असतो ना! आषाढीला आम्ही जादा गाड्या सोडायचो, कुणी वरून सांगायची वाट बघत नव्हतो, माहीतच असायचं की माणूस लोटणार. तसं पुतणी म्हणते पावसाळ्यात बस्तीचे, म्हणजे एनिमाचे, पेशंट धरायचे असतात, वसंतात वमन, शरदात विरेचन, म्हणजे जुलाबाचं औषध, हे सगळं शास्त्रात लिहून ठेवलंय, मग त्या हिशोबानं माणसं आणि तेल नको का भरून ठेवायला? मागच्या श्रावणात बस्तीला गेलो तर तेल संपलेलं. बाहेरून बाटली आणली, बिल माझ्याकडं आहे.

काढ्याच्या खिडकीचं पण सांगतो, लहान गोष्ट आहे. काढा ताजा उकळून देतात, चांगला देतात, पण न्यायचा कशात हे कुणी आधी सांगत नाही. मग लोक काय करतात, शेजारच्या टपरीवरून कोल्ड्रिंकची रिकामी बाटली आणतात, गरम काढा त्यात ओतला की बाटली मधून आत बसते, कंबरेत वाकती, एकदम माझ्यासारखी. एका म्हातारबाबाच्या हातातच ती मुरगळली आणि काढा धोतरावर. भाजलं नाही जास्त, पण बाबा पायऱ्यावर बसून धोतर झटकत बसले आणि म्हणाले, पोटात जायचं ते मांडीला गेलं, लागू व्हतंय का बघू. खिडकीवर एक पाटी लावा की डबा सोबत आणा. फळीचा तुकडा अन् रंग, पन्नास रुपयात होईल.

रंगावरून आठवलं. नवी मंडळी आल्यापासून पहिलं काम सुरू झालंय ते रंगाचं. गुत्तेदार आलाय, पुढची भिंत भगव्या पिवळ्यात निघालीय, धन्वंतरीची मूर्ती धुतली, आणि २३ सप्टेंबरला आयुर्वेद दिनाला मोठा कार्यक्रम आहे असं बोर्डावर लिहिलंय. पहिले हा दिवस धनत्रयोदशीला असायचा, आता तारीख ठरवून टाकली, बरं केलं, दिवाळीच्या घाईत कुणी येत नव्हतं. रंगाला माझी ना नाही. पण रंगवताना रेकॉर्ड रूमचं सामान बाहेर व्हरांड्यात काढलंय, मी परवा बघून आलो, केसपेपरांचे गठ्ठे सुतळीनं बांधून पायऱ्यांजवळ ठेवलेत, वरचा गठ्ठा पावसानं फुगलाय, आणि त्यावर पेंटरचा डबा. त्यातच कुठंतरी माझा वात-पित्तवाला कागद असणार. मी वाकून बघायला लागलो तर शिपाई म्हणाला, काका हात लावू नका, ऑफिसचं आहे. मी म्हणलं बाबा ऑफिसचं नाही, माझं आहे.

मॅडमना मी एकदा ओपीडीत भेटलोय, त्या पंचकर्माच्या आहेत, त्यांनी स्वतः उठून मला स्टूल दिलं होतं. त्यांच्याबद्दल मनात काही वाकडं नाही. साहेबांना अजून पाहिलं नाही, फोटोत शालीआड निम्मेच दिसलेत. त्यांना माझं एवढंच मागणं आहे की पुढच्या इन्स्पेक्शनला आकडा कमी भरला तर कमी दाखवा. ८० आले तर ८० लिहा. खिडकी दुपारी तीनपर्यंत चालू ठेवा, बाजाराच्या दिवशी पूर्ण स्टाफ बसवा, औषधाची सुट्टी अन् तपासणीची सुट्टी एकाच वेळेला ठेवू नका, मग वर्षाच्या आत १२० होतील, आणि ते मोजायला मी स्वतः येऊन गेटवर बसतो, पगार नको, एक खुर्ची द्या पाठ टेकायला. संस्थेचे लोक म्हणतील सीटा जातील. जातील कदाचित एखादं वर्ष. पण त्या मावशीला रोज २०० देऊन किती वर्षं झोपवणार? आता तर त्या ३०० मागू लागल्यात, खुरपणीचा रोज वाढलाय.

येत्या मंगळवारी माझा परत नंबर आहे, कटीबस्तीचा तिसरा कोर्स. सकाळच्या गाडीनं जाणार आहे. जुना केसपेपर सापडला तर तुम्हाला कळवतो.

आपला,
एक रिटायर कंडक्टर,
औसा तालुका